न उचललेलं प्रस्थान

१

चांगुणाआत्यानं चष्मा कपाळावर सरकवला, कॅलेंडरवर बोट ठेवलं आणि विचारलं, "शुक्रवारी अमावस्या हाय. तिकिटं कुनी काढली?"

तिचा लेक रविराज ताटातल्या भाकरीकडं असा बघायला लागला, जणू ती त्यानं जन्मात पहिल्यांदाच पाहिली होती. तिकिटं त्यानंच काढली होती. मनमाडहून गोरखपूर, तिथून सरहद्द ओलांडून नेपाळ आणि मग जीपनं डोंगर चढत मुक्तिनाथ. माघात आत्याच्या गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं. त्याआधी मुक्तिनाथाच्या एकशेआठ धारांखाली एकदा भिजायचं, हे तिनं सगळ्यांकडून कबूल करून घेतलं होतं.

"रेल्वेला अमावस्या कळत नाही, आत्या," तिची भाची मोनिका म्हणाली. "रिझर्वेशन कळतं."

मोनिका तेवीस वर्षांची, संख्याशास्त्रात एम.एस्सी. बंगळूरच्या एका कंपनीचं नोकरीचं पत्र तिच्या हातात होतं आणि पुढच्या महिन्याच्या वीस तारखेपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. तिच्या वडिलांनी, गोरक्षअप्पांनी, पत्र दोनदा वाचलं होतं आणि "बघू" म्हणाले होते. त्या घरात "बघू" म्हणजे "नाही" असाच अर्थ होतो. "नाही" म्हणायला छाती लागते, "बघू" म्हणायला तोंडात सुपारी असली तरी भागतं.

"मग प्रस्थान ठिवू," आत्यानं निकाल दिला.

जायचा दिवस वाईट असला, तर आदल्या बऱ्या दिवशीच प्रवास सुरू करून टाकायचा. माणसं घरीच राहतात. प्रत्येकाचं एकेक कापड, मूठभर तांदूळ आणि हळकुंड गाठोड्यात बांधून वाटेवरच्या कुणाच्या तरी घरी नेऊन ठेवायचं. निघताना ते उचलायचं आणि पुढं जायचं. झाली अमावस्येची फसवणूक.

गुरुवारी गाठोडं बांधायला घेतलं. अप्पांची टोपी, आईचा खण, आत्याचा हातरुमाल. रविराजनं एक मोजा टाकला.

"येकच?" आत्या.

"दुसरा सापडंना."

"म्हंजी तू लंगडत जानार मुक्तिनाथाला!" आई पदर तोंडाशी धरून हसत सुटली.

मोनिकाची केशरी ओढणी सगळ्यात वर होती. आत्या हळकुंड आणायला देवघरात गेली, तेवढ्यात मोनिकानं ती ओढून पिशवीत कोंबली. माझा प्रवास मी निघेन तेव्हा सुरू होईल, तिनं मनाशी म्हटलं. आत्यानं येऊन गाठ मारली, न बघताच.

२

गाठोडं रतनबाईंकडं ठेवलं. त्यांचं घर पाटाच्या पलीकडं, मनमाडकडं जाणाऱ्या जुन्या वाटेवर. अंगणातल्या दोरीवर एक पिवळा फ्रॉक वाळत होता.

"वळखला का?" रतनबाईंनी मोनिकाला विचारलं. "तुझाच हाय. तुझ्या आईनं माझ्या नातीला दिलेला. हाच घालून तू मास्तरच्या हाताला चावली हुतीस अन् शाळंतून पळाली हुतीस."

"त्यानं विनाकारण छडी मारली होती," मोनिका म्हणाली. सोळा वर्षं झाली, तरी राग जागच्या जागी होता.

शुक्रवारी भाड्याची गाडी अर्धा तास उशिरा आली. पुढच्या सीटवर मोनिका. मागं अप्पांनी बागेतल्या पेरूंची गोणी पायांत घेतलेली, तिचं तोंड सुतळीनं शिवलेलं. "मुक्तिनाथाला पहिला पेरू, मग माणसांना," असं त्यांनी बजावलं होतं. आत्यानं उलटी होऊ नये म्हणून गोळी घेतली आणि पाट यायच्या आधीच तिची मान कलली. बाकीची तिघं ट्रेन चुकते की काय, यावर वाद घालत होती.

फाट्यावर ड्रायव्हरनं विचारलं, "जुन्या वाटेनं घ्यायची का?"

मोनिकाला आठवलं. चांगलंच आठवलं. पण जुन्या वाटेला खड्डे होते, गाडी चुकायला आली होती आणि चार कापडांसाठी पंधरा मिनिटं घालवायची तिची तयारी नव्हती.

"सरळ घ्या," ती म्हणाली.

भुसावळ गेल्यावर आत्याला जाग आली. "प्रस्थान उचललं का गं?"

"हो. मोठ्या बॅगेत आहे."

आत्या समाधानानं बर्थवर मांडी घालून बसली. थोड्या वेळानं मोनिकानं, सहज विचारल्यासारखं, विचारलं, "आणि उचललं नाही तर काय होतं?"

आत्यानं तिच्याकडं असं पाहिलं, जणू तिनं विचारलं होतं की पाण्याऐवजी रॉकेल प्यायलं तर काय होतं.

"तसं कुनी करीत न्हाई," ती म्हणाली.

३

सरहद्दीवर त्यांना भीम भेटला. जीपचा मालकही तोच, चालकही तोच. शिर्डीच्या एका लॉजवर सहा वर्षं काम केलेलं, त्यामुळं मराठी येत होती, फक्त तिचे सांधे निखळलेले होते.

"घड्याळ पंधरा मिनिट पुढे करा," त्यानं सांगितलं. "इकडे टाइम पुढे आहे."

"मग आपली पंधरा मिनिटं गेली कुठं?" आत्यानं विचारलं. यावर मधल्या सीटवर अप्पा, आई आणि आत्या यांच्यात चर्चा झाली ती डोंगर लागेपर्यंत संपली नाही. मागं सामानात बसलेल्या रविराजनं तिचा व्हिडिओ काढला.

रस्ता म्हणजे रस्त्याची आठवण होती. जीप उडायची, आदळायची, पुन्हा उडायची. दर आदळण्याला आत्या "राम" म्हणायची आणि दर उडण्याला खिदळायची. "गोरक्षा, आपल्या मळ्याची वाट बरी म्हनायची रं!" मग ती गवळण म्हणायला लागली. आत्याचा आवाज खणखणीत, पण तिसऱ्या ओळीला सूर हमखास घसरायचा आणि ती तो तसाच, फरपटत, शेवटापर्यंत न्यायची. आई टाळ्या वाजवायची. मोनिका पुढं बसून हसत होती. नोकरीचं पत्र, "बघू", सगळं घाटाखाली राहिलं होतं.

एका वळणावर पत्र्याची चहाची टपरी आली. जीप थांबते न थांबते तोच टपरीवाली बाई ट्रे घेऊन बाहेर आली. चार कप. त्यातला एक तिनं सरळ आत्याच्या हातात दिला.

आत्यानं घोट घेतला. "अगं बाई, बिनसाखरंचा! हिला कसं कळलं?"

"माणसं चांगली हायेत," अप्पा खूश झाले. "तोंड बघून ओळखतात."

मोनिकाच्या हातात काहीच नव्हतं. टपरीवाली तिच्याकडं बघत भीमला काहीतरी म्हणाली.

"काय म्हणते?"

भीमनं मान खाजवली. "दिदी म्हणते, काल चार लोग आला होता. आज ही पाचवी कोण?"

"काल आम्ही ट्रेनमध्ये होतो."

"मी पण तेच सांगितलं."

फळीवर डब्यांच्या शेजारी एक अर्धा खाल्लेला पेरू ठेवलेला होता, मीठ-तिखट लावलेला. मोनिकानं जीपमध्ये वाकून पाहिलं. गोणीची सुतळी जशीच्या तशी होती. पेरू नेपाळातही पिकत असणार, तिनं स्वतःला समजावलं. आणि साखर न खाणाऱ्या बायका सगळ्या जगात असतात. दोन साध्या घटना, एकत्र घडल्या, एवढंच.

भीमनं टपरीवालीकडून पाचवा कप आणला. त्यातला चहा निवलेला होता.

४

पोखरा मागं टाकून दुसऱ्या दिवशी दुपारी ते बेनीला पोचले. नदीकाठी लॉज होतं. मालकानं जिन्यातूनच दोन खोल्यांच्या किल्ल्या पुढं केल्या आणि हसत अप्पांच्या खांद्यावर थाप मारली.

"बघितलंस का पाहुणचार?" अप्पा आईला म्हणाले.

ती मंडळी वर गेली. मोनिका खाली रजिस्टर भरायला थांबली. आधीची ओळ तिनं वाचली आणि मग पेन टेकवायचं विसरली.

गोरक्ष. माणसं चार. खाली सही, सहीखाली दोन रेघा. सोसायटीच्या निवडणुकीत फॉर्म भरायला लागल्यापासून अप्पा सहीखाली दोन रेघा ओढतात. दुसरी रेघ शेवटी किंचित वर जाते. ही गेली होती.

"भीमदादा, विचारा यांना. ही माणसं कधी आली?"

भीमनं विचारलं. "काल. आज सकाळी गेली वरती. तो विचारतो, परत का आला? काय विसरला?" मग भीम जरा थांबला. "म्हणतो, लई मजेदार लोग. म्हातारी गाणा गात होती."

"कुठल्या गाडीतनं आले? ड्रायव्हर कोण होता?"

हा प्रश्न मालकाला दोनदा विचारावा लागला. त्यानं कपाळाला आठ्या घातल्या, दाराबाहेर पाहिलं, पुन्हा आत पाहिलं.

"पांढरी जीप," भीम हळू आवाजात म्हणाला. "ड्रायव्हर त्याला आठवत नाही. म्हणतो, ड्रायव्हर होता का?"

वरून हसण्याचा गलका ऐकू आला. आत्यानं खिडकी उघडली होती आणि ती पुन्हा लागत नव्हती, म्हणून चौघं तिला धक्के मारत होते. मोनिका जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभी राहिली. वर चार आवाज होते. आपल्याच माणसांचे, यात शंका नव्हती. आणि तरी पायरी चढायच्या आधी तिनं ते मोजले.

५

बेनीच्या पुढं तर रस्त्यानं लाजच सोडली. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खोल दरीत काळी गंडकी. नावाप्रमाणे काळी, वाळूसकट. एका ठिकाणी अख्खा धबधबा रस्त्यावर कोसळत होता आणि भीमनं जीप सरळ त्याच्यातून नेली. आईनं डोळे मिटले, आत्यानं खिडकीतून हात बाहेर काढला. "धा रुपये लागत्यात आपल्याकडं असं भिजायला!" रविराजला उलटी झाली आणि उलटी झाल्यावर त्याला भूक लागली. सगळ्यांनी त्याला वेड्यात काढलं आणि मग सगळ्यांनाच भूक लागली.

मोनिका गप्प होती. ती गणित करत होती. गाठोड्यात चार कापडं होती. पुढं चार माणसं होती. गाठोडं गुरुवारी निघालं, आपण शुक्रवारी. हे लिहून काढलं असतं तर तिनंच त्यावर लाल फुली मारली असती.

पण फुली मारून भागत नव्हतं. दर थांब्यावर चारच ताटं मांडलेली असायची. दर थांब्यावर तिच्याकडं ओळख नसलेल्या माणसाकडं बघावं तसं बघायचे. काल तर अप्पासुद्धा, जीपमध्ये चढताना, "सगळी आली का?" म्हणाले आणि दार लावून घेतलं. ती बाहेरच उभी होती. "अगं, तू!" म्हणून ते मोठ्यानं हसले. ती हसली नाही. हा प्रवास तिच्याशिवाय एकदा नीट, आनंदात पार पडत होता. मग या वेळी ती हवीच कशाला होती?

लेते गावच्या लॉजवर वायफाय मिळालं. मोनिका कांबळ्यांच्या ढिगामागं बसली आणि तिनं रतनबाईंना फोन लावला.

"आगं, तुमी प्रस्थान इसरून गेला!" रतनबाई ओरडल्याच. "म्या म्हनलं, चांगुणाबाई अशी कशी इसरली?"

"रतनमावशी, ते गाठोडं बघता का जरा?"

भांड्यांचा आवाज, पावलं, मग गाठ सोडल्याची खसफस.

"मोना, ही कापडं वल्ली हायेत गं. घरात पाऊस न्हाई, पानी न्हाई. आन् खाली वाळू लागतीय हाताला." आवाज खाली आला. "काळी."



"मावशी, माझंही काहीतरी टाका त्यात."

"तुझं काय असनार बाई माझ्याकडं? थांब, त्यो फ्रॉक हाय. दोरीवर."

"चालेल."

"आगं पन त्यो ल्हान..."

"मावशी, काहीही टाका! पण लवकर टाका!"

फोन तुटला. बाहेर आत्या हाका मारत होती. मोनिका उठली. तिला एकदम हलकं वाटलं, चूक सुधारल्यावर वाटतं तसं. त्या दुपारी तिनं आत्याच्या गवळणीला साथसुद्धा दिली, घसरलेल्या सुरासकट.

६

मार्फा हे सफरचंदांचं गाव. पांढरी घरं, दगडी बोळ, गच्च्यांवर रचलेलं सरपण. दुकानदारीण टोपली घेऊन पुढं आली आणि तिनं मोजून पाच सफरचंदं दिली.

पाच. मोनिकाला तिला मिठी मारावीशी वाटली.

"काल पाच जण होते का?" तिनं भीमला विचारायला लावलं.

दुकानदारीण खळखळून हसली. हातांनी, मानेनं, सगळ्या अंगानं सांगायला लागली. भीमही हसत होता, मग त्याचं हसू कमी होत गेलं.

"होय, पाच. चार मोठे आणि एक छोटी पोरगी. सात-आठ वर्षांची. लई बदमाश. तीन सफरचंद खाल्ली. म्हातारीबरोबर भांडली. एक जागेवर बसत नव्हती, सगळ्यांना म्हणत होती, चला लवकर, चला लवकर." तो थांबला. "पिवळा फ्रॉक. इतक्या थंडीत, नुसता फ्रॉक."

मोनिकाच्या हातातलं सफरचंद थंडगार होतं. फ्रॉक आज टाकला होता. पोरगी काल येऊन गेली होती.

जीप सुरू झाल्यावर भीम, रस्त्यावरची नजर न काढता, म्हणाला, "ताई, एक सांगू? वरती जायचा रस्ता एकच आहे. खाली यायचा पण तोच. ती लोग काल वर गेली. म्हणजे आज खाली येणार."

मागं अप्पा पेरू आणि सफरचंद यांच्यातलं श्रेष्ठ फळ कोणतं यावर भाषण देत होते. आपला राहात्याचा पेरू जिंकत होता.

७

कागबेनीच्या वर झाड संपतं. नुसते मातीचे डोंगर, निळं आभाळ आणि वारा. त्या उजाड उन्हात वरून येणारी प्रत्येक गाडी लांबूनच दिसायची. आधी धुळीचा ठिपका, मग गाडीचा टप. मोनिका प्रत्येक ठिपक्याला श्वास धरायची. एक ट्रक गेला. मोटारसायकलवाली पोरं गेली. परदेशी म्हाताऱ्यांची एक बस गेली, त्यांनी हात हलवले, आत्यानं उलट हलवले.

मग एक पांढरी जीप.

रस्ता एका गाडीपुरताच होता. भीमनं जीप मागं घेत घेत कड्याला चिकटवली आणि इंजिन बंद केलं. वरची जीप हळूहळू उतरत आली. तिच्या इंजिनाचा आवाज येत नव्हता. वाऱ्याचा असेल, मोनिकानं ठरवलं, वारा एवढा होता.

मागं आत्या गवळण म्हणत होती. डोळे मिटून.

ती जीप अगदी शेजारी आली. दोन काचांमध्ये हातभर अंतर. धुळीतून मोनिकाला दिसलं ते एवढंच: अर्ध्या उघड्या काचेवर टेकलेला एक हात, हिरव्या बांगड्यांचा, आईसारखा ताल धरणारा. त्यामागं पांढरी टोपी. सगळ्यात मागं सामानावर पसरलेले दोन पाय, एकात मोजा, एक अनवाणी. आणि गवळणीची तिसरी ओळ दोन्ही बाजूंनी एकदम घसरली. एकाच जागी. तशीच फरपटत पुढं गेली.

चालकाच्या काचेवर ऊन होतं.

त्याच्या शेजारची सीट, जिच्यावर इकडं मोनिका बसली होती, रिकामी होती.

जीप गेली. धूळ बसली. आई म्हणाली, "कुनीतरी आपल्याकडचीच वाटली गं."

"ताई," भीमचा आवाज फाटला होता, "तो ड्रायव्हर..."

"नका सांगू," मोनिका म्हणाली. चार उतरले होते. पोरगी उतरली नव्हती.

८

मुक्तिनाथाच्या खालच्या वस्तीत जीप थांबते, तिथून पुढं चढ. आत्याला घोड्यावर बसवलं. "वरातच काढा आता माझी!" ती वरून ओरडत होती आणि येणारे-जाणारे हसत होते. देवळामागच्या भिंतीत एकशेआठ पितळी मुखं आणि त्यांतून पडणारं बर्फाचं पाणी. चौघं त्याखालून पळाले. अप्पा, ज्यांना मोनिकानं कधी भरभर चालतानाही पाहिलं नव्हतं, ते किंचाळत पळाले. आत्या तर गुडघे विसरून दोनदा गेली. "दुसऱ्यांदा कशाला?" "पहिल्यांदा मोजायच्या राहिल्या!" अप्पांनी दातांनी सुतळी तोडली आणि पहिला पेरू देवापुढं ठेवला. इतकं आनंदी आपलं घर मोनिकानं कधी पाहिलं नव्हतं.

ती मात्र भिंतीच्या कडेनं चालत होती. खाली मोजे विकणाऱ्या बाईनं भीमकडून निरोप दिला होता: ती पोरगी गाडीत बसलीच नाही. माझी मोठी येणार आहे, तिच्याबरोबर जाईन, म्हणाली. वर पाण्याकडं गेली.

दगडी फरशी ओली होती. तिच्यावर ओल्या पावलांचे ठसे होते, शेकडो. त्यांत काही लहान, अनवाणी. ते शेवटच्या मुखाशी जात होते. मोनिका तिथं पोचली. पाण्याच्या पडद्यापलीकडं, भिंतीशी, काहीतरी पिवळं हललं. आणि कुणीतरी हसलं, चिडवल्यासारखं, पकड ना, म्हटल्यासारखं.

एक हात पुढं करायचा होता. पाणी थंड असेल, एवढंच.

"मोना! चल लवकर, वारं सुटलं!" अप्पांनी हाक मारली.

आणि मोनिका, जन्मात पहिल्यांदा, वडिलांच्या पहिल्या हाकेला वळली.

९

परतीची वाट सोपी गेली. कुठंच चार कप तयार नव्हते. सगळीकडं पाच. चहा गरम.

घरी आल्यावर मोनिकानं आत्याला सगळं सांगितलं. ओढणी, फाटा, खोटं बोलणं, फ्रॉक.  आत्या उठली, मोनिकाला घेऊन रतनबाईंकडं गेली आणि तिनं गाठ सोडली. टोपी, खण, रुमाल, मोजा. कोरडे, घडी घातलेले. वाळूचा कण नाही.

"फ्रॉक कुठाय?" रतनबाईंनी गाठोडं उलटं केलं, झटकलं. "म्या माझ्या हातानं ठिवला हुता."

मग दिवस मजेत गेले. फोटो पाहिले, सफरचंदं वाटली. गावात सगळे एकच म्हणायला लागले, मोनिका किती बदलली. उलट उत्तर नाही, आवाज नाही. बंगळूरच्या पत्रावर अप्पांनी पुन्हा "बघू" म्हटलं, तर ती "बरं" म्हणाली. एका स्थळाचा फोटो आला, तो तिनं पाहिला आणि "बरं" म्हणाली. अप्पा आईला म्हणाले, "देव पावला."

मोनिकाला राग यायचा तिथं आता काहीच यायचं नाही. दात काढल्यावर जीभ जशी रिकाम्या जागेवर जात राहते, तशी ती तिथं जायची आणि परत यायची.

एकोणीस तारखेला दुपारी भीमचा आवाजी निरोप आला. "ताई, मी मुक्तिनाथला आलो होतो. छोटी इथेच आहे. मोजेवालीच्या दुकानात असते. बर्फ पडला, तरी फ्रॉकवर. मजेत आहे. पण कुणाचं ऐकत नाही. कालच एका माणसाला चावली. विचारते, किती उशीर?"

मोनिकानं तो तीनदा ऐकला. तिसऱ्यांदा ऐकताना दारात आत्या उभी होती.

"तू भांडत न्हाईस आता," आत्या म्हणाली. "मला करमंना गं. जा, घिऊन ये तिला."

"अप्पा?"

"गोरक्षाला मी बघते." या "बघते"चा अर्थ "बघू"सारखा नव्हता. मग सवयीनं तिची नजर कॅलेंडरकडं गेली. "आज अमावस्या हाय पन. प्रस्थान..."

"काही ठेवायचं नाही," मोनिका म्हणाली. "या वेळी मी सगळीच्या सगळी जाणार."

निघायच्या आधी उभ्या उभ्या तिनं बंगळूरला दोन ओळींचं उत्तर पाठवलं. पहिल्या ओळीचा पहिला शब्द "हो" होता.

१०

सरहद्दीवर तिनं घड्याळ पंधरा मिनिटं पुढं केलं. एकटीच होती. जीप तशीच उडत-आदळत होती आणि "राम" म्हणायला कुणी नव्हतं, म्हणून ते तिनंच म्हटलं आणि तिला हसू आलं.

मुक्तिनाथ अजून दोन दिवसांवर होतं. घाटातल्या त्याच वळणावर तीच पत्र्याची टपरी आली. मोनिका उतरून बाकावर बसली. टपरीवालीनं तिच्याकडं पाहिलं, ओळखीचं हसली आणि न विचारता तिच्यापुढं दोन पेले ठेवले.

एक चहाचा. एक लहान, दुधाचा, अर्धा प्यायलेला.

बाकाचं दुसरं टोक हललं, कुणीतरी पाय हलवत बसल्यासारखं. बाकाखालच्या धुळीत पाणी ठिबकत होतं.

मोनिकानं मान वळवली नाही. तिनं पिशवीतून केशरी ओढणी काढली आणि शेजारी, हात जाईल तिथवर, पसरली. ती गच्च पकडली गेली.

"किती उशीर!" तिच्याच आवाजात, तिच्याच रागात कुणीतरी म्हणालं. "चल आता. लवकर."